प्रोफाइल म्हणजे पुरावा नव्हे: गुन्हेगाराच्या मनाचा शोध आणि त्यात झालेल्या चुका

अनुराधा_विदर्भ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

न्यायवैद्यक मानसशास्त्र हा माझा रोजचा विषय. बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांचं मूल्यांकन करायचं, अहवाल लिहायचे, कधी सत्र न्यायालयात साक्ष द्यायची, हे काम गेली बारा वर्षं करते आहे. लग्नकार्यात कुणाशी ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे घटनास्थळ बघून खुनी कसा असेल ते तुम्ही सांगता?" मी नाही सांगत. असं गुन्हेगाराचं वर्णन, म्हणजे 'प्रोफाइल', जे सांगतात त्यांचं कितपत ऐकावं, यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करते, कारण या विद्येची दंतकथा तिथेच जन्मली. १९४० ते १९५६ या काळात एका माणसाने शहरात ३३ बाँब ठेवले. सिनेमागृहं, रेल्वे स्टेशनं, टेलिफोन बूथ, काही सुटलं नाही. २२ फुटले, १५ माणसं जखमी झाली. हताश झालेले पोलीस जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. त्याने पत्रं वाचली, फोटो बघितले आणि वर्णन सांगितलं. जाता जाता हेही सांगितलं, की पकडाल तेव्हा त्याच्या अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल आणि बटणं लावलेली असतील. जानेवारी १९५७ मध्ये पोलीस वॉटरबरी गावात जॉर्ज मेटेस्कीच्या दारात पोचले, तेव्हा तो पायजम्यात होता. "कपडे करून ये" म्हटल्यावर आत गेला आणि डबल ब्रेस्टेड कोट घालून, बटणं लावून बाहेर आला!

ही कोटाची गोष्ट सगळे सांगतात. मेटेस्की सापडला कसा, हे फार थोडे सांगतात. कॉन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीत ॲलिस केली नावाची कारकून होती. नुकसानभरपाई मागणाऱ्या जुन्या कामगारांच्या धुळकट फाइली ती एकेक करून चाळत बसली होती. १९३१ च्या एका अपघाताच्या फाइलीत तिला जुन्या वळणाचा एक शब्दप्रयोग दिसला, 'नीच कृत्यं' अशा अर्थाचा. बाँबवाल्याच्या पत्रांतही तोच होता. तिने फाइल बाजूला काढली. बरं, या कंपनीवर त्याचा राग आहे हे १९४० च्या पहिल्याच बाँबसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. सोळा वर्षं ते कागद कपाटात होते. वर्णन वर्तमानपत्रात छापा, हा ब्रसेलचा आग्रह होता आणि त्यानंतरच्या पत्रव्यवहारात मेटेस्कीने स्वतःची कहाणी उघड केली. तेवढं श्रेय ब्रसेलचं नक्की आहे. पण इतिहासाने कोट लक्षात ठेवला आणि फाइल चाळणारी बाई विसरली.

१९७० च्या दशकात अमेरिकेत एफबीआयच्या क्वांटिको केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी तुरुंगातल्या ३६ गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून 'संघटित' आणि 'असंघटित' गुन्हेगार ही विभागणी आली. संघटित म्हणजे आखणी करणारा, हत्यार सोबत आणणारा, पुरावा पुसणारा. असंघटित म्हणजे हाताला लागेल त्याने मारून सगळं तसंच टाकून जाणारा. ऐकायला पटतं. पण ३६ म्हणजे किती? आणि तेही पकडले गेलेले, बोलायला तयार झालेले. २००४ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक खून करणाऱ्या १०० गुन्हेगारांची प्रकरणं तपासली, तेव्हा असे दोन स्वच्छ गट सापडलेच नाहीत. माणसं दोन्हींतलं थोडंथोडं करतात.

मला सर्वांत हलवून सोडणारा प्रयोग लॉरेन्स ॲलिसन यांच्या गटाचा, २००३ चा. त्यांनी पोलीस अधिकाऱ्यांना एका खऱ्या प्रकरणातलं प्रोफाइल वाचायला दिलं. मग निम्म्यांना खऱ्या गुन्हेगाराची माहिती दिली आणि निम्म्यांना बनवलेल्या, मुद्दाम अगदी वेगळ्या माणसाची. दोन्ही गटांतल्या बहुतेकांना प्रोफाइल बऱ्यापैकी जुळतंय असंच वाटलं. आपण राशिभविष्य वाचतो तसंच हे. "वरून शांत, पण आत राग साठलेला, जवळची नाती टिकवणं अवघड जाणारा" हे कुणाला लागू पडत नाही?

पोलीस, वकिली, समुपदेशन अशा क्षेत्रांतले लोक इथे आहेत. कृपया लिहा.

निशिगंध

सुंदर लिहिलंय. पण मग याचा काहीच उपयोग नाही असं समजायचं का?

अनुराधा_विदर्भ

निशिगंध, तसं नाही. जॉन डफीचं प्रकरण घ्या. लंडनच्या रेल्वेमार्गांलगत बलात्कार आणि मग खून झाले. १९८६ मध्ये कँटरनी गुन्ह्यांच्या जागा, दिवस आणि क्रम मांडून सांगितलं, की हा किलबर्नच्या आसपास राहतो, लग्न मोडकळीला आलेलं आहे, मूलबाळ नाही. पोलिसांकडे जवळजवळ दोन हजार संशयितांची यादी होती आणि डफी तिच्यात फार खाली होता. या वर्णनाने तो वर आला, मग पाळत, मग पुरावा. यादीत आधी कुणाकडे बघायचं, एवढंच प्रोफाइलने सांगितलं. त्याचं काम एवढंच आहे आणि ते लहान नाही.

जुना_हवालदार

ताई, नमस्कार. मी १९७९ ला मुंबई पोलिसात भरती झालो, गुन्हे शाखेत बरीच वर्षं काढली. आमच्या प्रत्येक तुकडीला रामन राघवचं प्रकरण सांगितलं जायचं, ते इथे लिहितो, कारण तुमच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

१९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेलगत झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले. १९ जणांवर हल्ला, त्यातले ९ गेले. तेव्हा हा माणूस पोलिसांच्या हाती आला होता, पण पुरावा नाही म्हणून सोडावा लागला. १९६८ मध्ये पुन्हा सुरू झालं. झोपडीत, फूटपाथवर झोपलेली माणसं, डोक्यात जड वस्तूचा घाव. लोक रात्रभर काठ्या घेऊन गस्त घालायचे. रमाकांत कुलकर्णी साहेबांकडे तपास होता. २७ ऑगस्ट १९६८ ला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला रस्त्यात ओळखलं. नाव काही तरी वेगळंच सांगत होता. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले, तिथे त्याची ओळख पक्की झाली.

आता बघा, त्याच्याजवळ काय सापडलं: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि गणिताच्या आकड्यांचे दोन कागद. या मुद्देमालावरून कुणी काय मन वाचणार? वाचलं ते जुन्या नोंदीने आणि गल्लीतला माणूस लक्षात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने. आम्हाला शिकवलेलं तेच मी पुढच्या पोरांना शिकवलं: आधी रजिस्टर बघ.

अनुराधा_विदर्भ

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. रामन राघवच्या प्रकरणात माझ्या विषयाचं खरं काम अटकेनंतर सुरू झालं. पोलीस सर्जनने त्याला निरीक्षणाखाली ठेवून सांगितलं, की मनोविकार नाही. बचाव पक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने सांगितलं, की आहे. फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील करायलाही नकार दिला. मग उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्या मंडळाच्या मुलाखतींत तो सांगायचा, की जगं दोन आहेत, एक 'कानून'चं आणि एक आपण राहतो ते. आपलं लिंग बदलायचा कट चालू आहे, अशीही त्याची पक्की समजूत होती. मंडळाचं निदान दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो गेला.

एक सांगते, कारण यावर नेहमी गैरसमज होतो. आजार असणं आणि कायद्याने सुटका मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आताच्या न्याय संहितेचं कलम २२, एवढंच विचारतं: कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमता आजारामुळे गेली होती का? आणि स्किझोफ्रेनिया असलेले बहुसंख्य लोक कुणालाही इजा करत नाहीत. हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात म्हणते आणि म्हणत राहीन.

थेम्सकाठी

मी लंडनच्या नैर्ऋत्य भागात राहते, मूळची चिपळूणची. विम्बल्डन कॉमन या मोकळ्या सार्वजनिक माळरानावर पवनचक्कीजवळ गाडी लावून आम्ही रविवारी चालायला जातो. तिथे १५ जुलै १९९२ ला सकाळी रेचल निकेल ही २३ वर्षांची आई आपल्या लहानग्या मुलासमोर मारली गेली. ४९ वार. मुलगा तिसऱ्या वर्षात होता. इथे वयस्कर लोक अजून त्या दिवसाबद्दल हळू आवाजात बोलतात. अनुराधाताई, यावर लिहाल का? प्रोफाइलचा विषय निघाला की इथे पहिलं नाव हेच येतं.

अनुराधा_विदर्भ

लिहिते. मला वाटतं हा सगळा धागा या एका प्रकरणासाठीच आहे.

पॉल ब्रिटन या मानसशास्त्रज्ञाने पोलिसांना प्रोफाइल करून दिलं. तिकडे कुत्रा घेऊन फिरायला जाणारा कॉलिन स्टॅग नावाचा एकटा राहणारा माणूस पोलिसांच्या नजरेत होता. प्रोफाइल त्याला 'बसलं'. पुरावा काहीही नव्हता. म्हणून मोहीम आखली: एक महिला पोलीस 'लिझी जेम्स' या नावाने त्याला पत्रं लिहू लागली. कल्पना अशी, की खरा खुनी असेल तर जवळीक वाढत जाईल तशा त्याच्या हिंसक कल्पना बाहेर येतील आणि शेवटी कबुली मिळेल. १९९३ मध्ये कित्येक महिने हे चाललं. ती पुढे सरकायची, तो तिला खूश करायला तिच्या मागे जायचा. एकट्या, कधी कुणाचं प्रेम न मिळालेल्या माणसाकडून तुम्ही काय वदवून घेताय, याचा विचार करा. तरी त्याने कबुली दिली नाही. उलट खुनाची जागा आणि मृतदेहाची अवस्था याबद्दल तो चुकीचं बोलला.

सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑग्नल यांनी हा सगळा पुरावा फेटाळला, अत्यंत गंभीर स्वरूपाची फसवणूक म्हणून त्यावर कोरडे ओढले आणि स्टॅग सुटला. पण तोवर तो एक वर्षाहून जास्त काळ कोठडीत होता आणि पुढची चौदा वर्षं लोक त्याला खुनीच समजत राहिले.

आणि खरा गुन्हेगार? रॉबर्ट नॅपर. १९८९ मध्ये त्याच्या आईने स्वतः पोलिसांना फोन केला होता, की मुलगा सांगतोय, प्लमस्टेड कॉमनवर त्याने एका बाईवर बलात्कार केला. पोलिसांनी नोंदी बघितल्या, कॉमनवर असा गुन्हा दिसला नाही, विषय संपला. गुन्हा घडला होता कॉमनला लागून असलेल्या एका घरात. पुढे आग्नेय लंडनमधल्या बलात्कारांच्या तपासात तो आला तेव्हा साक्षीदारांनी सांगितलेल्या उंचीपेक्षा जास्त उंच, सहा फुटांवर, म्हणून यादीतून वगळला गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये, स्टॅग कोठडीत असताना, नॅपरने प्लमस्टेडमध्ये आणखी एक आई आणि तिची चार वर्षांची मुलगी मारली.

पुढे डीएनए तंत्र सुधारलं, जुने नमुने पुन्हा तपासले गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये नॅपरने विम्बल्डनचा गुन्हा मान्य केला. स्टॅगला ७,०६,००० पौंड भरपाई मिळाली.

मी हे विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा त्या आईच्या फोनपाशी थांबते. एका आईने स्वतःच्या पोराविरुद्ध फोन उचलायला किती बळ लागलं असेल! सगळं मानसशास्त्र बाजूला ठेवा. कुणी तरी फोन घेतला होता, ऐकलं होतं आणि नोंदवहीचा फक्त एकच रकाना बघितला होता.

गणितवाला

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९७५ ते १९८० या काळात तिथे १३ बायकांचे खून झाले. मध्येच एका भामट्याने स्वतःला खुनी म्हणवून टेप पाठवली. बोलण्याची ढब संडरलंडकडची, म्हणून सगळा तपास तिकडे वळला. खऱ्या खुन्याची, पीटर सटक्लिफची, चौकशी नऊ वेळा झाली होती, पण त्याची ढब तशी नव्हती.

डिसेंबर १९८० मध्ये स्टुअर्ट काइंड या न्यायवैद्यक शास्त्रज्ञाने नकाशावर गुन्ह्यांच्या जागा मांडल्या, त्यांचा मध्य काढला आणि वेळाही बघितल्या. जे गुन्हे उशिरा रात्री झाले ते घराजवळचे असणार, कारण परत पोचायचं असतं. उत्तर आलं ब्रॅडफर्डच्या आसपास. सटक्लिफ ब्रॅडफर्डलाच राहत होता. २ जानेवारी १९८१ ला तो शेफील्डमध्ये पकडला गेला, तोही गाडीवर खोटी नंबर प्लेट होती म्हणून! पुढे कॅनडाच्या किम रॉस्मोंनी याच विचाराचं संगणकीय गणित बांधलं: गुन्हेगार घराच्या अगदी दारात गुन्हा करत नाही आणि फार लांबही जात नाही. मला हे मनाच्या वर्णनापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, कारण चुकलं तर चुकलं हे कळतं.

सोलापूरकर_तात्या

सगळं वाचलं. तुम्ही न्यूयॉर्क-लंडन लिहिलंत, मी सोलापूरचं लिहितो.

आमच्या शहरात एक भाग आहे, लोक त्याला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, भामटा, किती नावं घ्यायची. तारेच्या कुंपणात वसाहत, हजेरी, बाहेर जायचं तर पास. माझे आजोबा त्यात वाढले. आजी सांगायची, आजोबा हजेरीला उशीर झाला की पळत यायचे, म्हातारपणीसुद्धा कुठल्याही सायरनचा आवाज आला की चपला घालायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही 'विमुक्त' झालो. आजही तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी कुणाच्या पालावर जाते ते विचारा. अनुराधाताई, प्रोफाइल म्हणजे हेच ना? आम्ही तर दीडशे वर्षं प्रोफाइलमध्ये राहतोय.

जुना_हवालदार

तात्या, मी त्या गाडीत बसलेलो आहे. ग्रामीण भागात तीन वर्षं नेमणूक होती तेव्हा. वरून सांगितलं जायचं आणि आम्ही जायचो. बायका पोरांना घेऊन उसात पळायच्या. कित्येकदा काहीच सापडायचं नाही. आज लिहिताना लाज वाटते. माफ करा.

सोलापूरकर_तात्या

हवालदारसाहेब, तुम्ही लिहिलंत, पुष्कळ झालं.

अनुराधा_विदर्भ

तात्या, धाग्यात हे मीच आधी लिहायला हवं होतं. इंग्रजांच्या कायद्याला पाच वर्षं होत होती तेव्हा, १८७६ मध्ये, इटलीत चेझारे लोम्ब्रोसोने पुस्तक काढलं, की गुन्हेगार जन्मतोच आणि त्याच्या कवटीवर, जबड्यावर, कानावर ते दिसतं. एका कैद्याच्या कवटीतला खळगा बघून त्याला हे सुचलं होतं. आमच्या विषयाची सुरुवात या माणसापासून शिकवतात. कवटी मोजणं बंद झालं. पण 'त्यांच्यात ते असतंच' हे वाक्य अजून ऐकू येतं, शिकलेल्या लोकांकडूनही.

निशिगंध

पण काही माणसं मुळातच तशी नसतात का? सायकोपॅथ म्हणतात ते, दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणारे?

अनुराधा_विदर्भ

रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची चाचणी आहे, ४० पैकी गुण, उत्तर अमेरिकेत ३० किंवा जास्त झाले की तो शिक्का. ती नीट प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने, नोंदी तपासून करायची असते. टीव्हीवर बघून शेजाऱ्याला लावायची नसते. स्वभावात अनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरं. पण टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेली गोष्ट मला रोज उपयोगी पडते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यातलं काम असं सांगतं, की किशोरवयात कायदा मोडणारी बहुतेक मुलं विशी ओलांडल्यावर थांबतात. लहानपणापासून शेवटपर्यंत तेच करत राहणारा गट छोटा असतो. सोळाव्या वर्षी दोन्ही मुलं दिसायला मात्र सारखीच दिसतात.

ऋतुजा_वकील

कायद्याच्या बाजूने थोडी भर. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूच्या लहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. संमतीने केली तरी निकाल हा आपोआप पुरावा होत नाही. त्याआधी २००८ मध्ये पुण्याच्या एका खून खटल्यात अशा मेंदूचाचणीचा आधार शिक्षेसाठी घेतला गेला होता, जगभर त्यावर चर्चा झाली.

२०२२ च्या मनोज खटल्याच्या निकालानंतर फाशीच्या प्रकरणांत आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यांकन समोर आणणं सरकारवर बंधनकारक झालं. मानसशास्त्रज्ञांचं खरं काम मला इथे दिसतं, दोषी कोण हे शोधण्यात नाही.

ताई, बाल न्याय कायद्याच्या कलम १५ मधल्या मूल्यांकनाबद्दल लिहाल का? सोळा ते अठरा वयाच्या मुलांचं. आमच्या अशिलांना ते कळतच नाही.

अनुराधा_विदर्भ

ऋतुजा, लिहिते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात निर्घृण गुन्ह्यासाठी, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यासाठी, सोळा ते अठरा वयाच्या मुलाबाबत मंडळाने आधी तीन गोष्टी बघायच्या: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि परिस्थिती. त्यावरून त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, ते ठरतं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

आता एक प्रसंग. ओळखीच्या सगळ्या खुणा बदलल्या आहेत. निरीक्षणगृहातली खोली, खिडकीला जाळी, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मुलगा सतरा वर्षांचा. भांडणात हाणामारी, एकाचा जीव गेला. बाहेर त्याची आई स्टीलचा डबा मांडीवर धरून बसलेली. मी माझे प्रश्न विचारले. खून म्हणजे काय, शिक्षा काय होते, जन्मठेप म्हणजे काय. सगळं बरोबर सांगितलं त्याने, एखाद्याने पाढे म्हणावेत तसं. माझ्या कागदावर 'परिणामांची जाण आहे' असं लिहायला हरकत नव्हती.

उठताना त्याने विचारलं, "ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरायची तारीख गेली का?"

दहावी बाहेरून देण्याचा फॉर्म. जन्मठेप म्हणजे काय हे अचूक सांगणाऱ्या मुलाला ती वर्षं स्वतःच्या आयुष्यातून जाणार आहेत, हे समजलंच नव्हतं. मार्चमध्ये आपण परीक्षेला बसणार, असंच तो धरून चालला होता. मी परत बसले. पुढचे दोन तास बोललो आणि अहवाल पुन्हा पहिल्यापासून लिहिला. तो प्रश्न, त्याच्या शब्दांत, अहवालात घातला. मंडळाने खटला मुलांच्याच प्रक्रियेत ठेवला. ज्याचा जीव गेला त्याची आईही त्या दिवशी आवारात होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

थेम्सकाठी

दोन्ही आया डोळ्यांसमोर आल्या.

सोलापूरकर_तात्या

फॉर्म भरला का मग त्याने?

अनुराधा_विदर्भ

भरला, तात्या. विलंब शुल्क भरून. गृहातल्या एका काळजीवाहकाने स्वतः केंद्रावर नेऊन दिला. गणित राहिलं, ते पुढच्या खेपेला सुटलं.